सडपातळ माणसाची साखर

“डॉक्टरसाहेब, साखरंची बिमारी तर बसून खाणाऱ्याला होते. मी दिवसभर रानात राबतो, भाकर अन् ठेचा खातो. मला कशी काय होईल?”

चार वर्षांपूर्वी माझ्या दवाखान्यात एका शेतकऱ्याने विचारलेला हा प्रश्न. वय सत्तेचाळीस, उंची बऱ्यापैकी आणि वजन अवघे बावन्न किलो. तुरीच्या रानातून चालताना धसकट पायात घुसले होते. ते घुसल्याचे त्याला कळलेच नाही. संध्याकाळी चप्पल काढली तेव्हा रक्त दिसले. घरच्यांनी हळद भरली, चिंधी बांधली आणि पंधरा दिवस तसेच गेले. माझ्याकडे आला तेव्हा अंगठ्याशेजारचे बोट काळे पडले होते. रक्त तपासले, साखर ३८६ निघाली. जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. बोट काढावे लागले, पाय मात्र वाचला.

वाचकहो, या गोष्टीतला खरा बोचणारा भाग पुढेच आहे. जुने कागद चाळताना मला माझ्याच हातची चिठ्ठी सापडली. त्याच्या आदल्या वर्षी हाच माणूस अशक्तपणा, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणे आणि वजन कमी होणे या तक्रारी घेऊन माझ्याकडे आला होता. मी त्याला शक्तीचे औषध आणि जंताची गोळी दिली होती. साखर तपासली नव्हती. का? तर माणूस हडकुळा, कष्टकरी. ‘याला कसला मधुमेह?’ असे मीही धरून चाललो. म्हणजे जो गैरसमज त्याच्या मनात होता, तोच माझ्याही मनात होता. तो अडाणी म्हणून चुकला म्हणावे, तर मी शिकून चुकलो.

त्यानंतर मी या विषयावर पुन्हा वाचायला बसलो. तेव्हा लक्षात आले की सडपातळ भारतीयांच्या मधुमेहाचे कोडे सोडवण्याचे मोठे काम आपल्याच महाराष्ट्रात, पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागात झालेले आहे. ते काम काय आहे आणि आपल्यासारख्या गावातल्या लोकांनी त्यातून काय घ्यावे, हे आज सांगतो.

मधुमेह म्हणजे नेमके काय?

आपण भाकरी, भात, पोळी, साबुदाणा काहीही खाल्ले तरी त्यातल्या पिठूळ पदार्थाची शेवटी ग्लुकोज नावाची साखर होते व ती रक्तात येते. ही साखर रक्तातून पेशींत जाण्यासाठी इन्सुलिन हे द्रव्य लागते. ते पोटातल्या स्वादुपिंड या ग्रंथीत तयार होते. इन्सुलिन कमी पडले, किंवा असूनही शरीर त्याला दाद देईनासे झाले, की साखर रक्तातच साठते. मग शरीर उपाशी आणि रक्त मात्र गोड अशी अवस्था होते. लघवीवाटे साखर व पाणी जाते, तहान लागते, वजन उतरते. वर्षानुवर्षे असे चालले की डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे, हृदय आणि पायाच्या नसा खराब होतात. नसा बधिर झाल्या की धसकट घुसले तरी कळत नाही.

इन्सुलिनचा शोध १९२१ साली कॅनडातील टोरांटो विद्यापीठात बँटिंग व बेस्ट यांच्या प्रयोगांतून लागला. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचले गेले. तोवर अशा मुलांना मरणाची वाट पाहण्याखेरीज गत्यंतर नव्हते. संशोधकांनी त्याचे पेटंट एकेका डॉलरला विद्यापीठाच्या स्वाधीन केले. औषध सर्वांपर्यंत पोचावे हा त्यामागचा हेतू. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत झालेले काम खेड्यातल्या रोग्यापर्यंत कसे येते, याचे याहून चांगले उदाहरण नाही.

पुण्यातले काम

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे नाव आपल्याकडे डॉ. बानू कोयाजी यांच्यामुळे ठाऊक आहे. खेड्यापाड्यांतल्या आरोग्यसेवेला वाहून घेतलेल्या या बाईंना १९९३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी याच रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाचे शास्त्रज्ञ त्यात सहभागी होते. खेड्यातल्या बायकांची गरोदरपणाच्या आधीपासून वजन-मापे घेतली, त्या काय खातात, किती कष्ट करतात हे टिपले. बाळे जन्मली तेव्हा त्यांची मापे घेतली, आणि मग त्या मुलांना वाढताना वर्षानुवर्षे तपासत राहिले. ती मुले आज पंचविशी-तिशीची झाली आहेत.

या अभ्यासातून काय निघाले? आपल्याकडच्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान, यात नवल नाही. नवल पुढे आहे. बाळाच्या अंगातले काय कमी आहे हे पाहिले तेव्हा दिसले की स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण कातडीखालची चरबी, विशेषतः पाठीवरची, त्या मानाने फारशी कमी नाही. म्हणजे बाळ दिसायला कृश, पण आतून चरबीचे प्रमाण जास्त. पुण्यातल्या बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिनचे प्रमाणही लंडनच्या बाळांपेक्षा जास्त आढळले. साखरेशी झगडा जन्मापासूनच सुरू झालेला असतो, असा त्याचा अर्थ. अशा बाळाला ‘बारीक पण चरबीयुक्त’ असे नाव पडले.

याची एक मजेशीर साक्ष २००४ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील मित्र डॉ. युडकिन या दोघांचा एकत्र फोटो होता. उंचीच्या मानाने वजन किती, याचा जो निर्देशांक डॉक्टर काढतात, तो दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण यंत्राने अंगातली चरबी मोजली तेव्हा डॉ. युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाली! वजनकाटा दोघांना एकच सांगत होता, शरीरे मात्र निराळी होती.

म्हणून वजनकाट्यावर विश्वासून राहू नका. ‘मी जाड नाही, मला साखर होणार नाही’ हे वाक्य आपल्या लोकांना लागू पडत नाही.

दुसरे असे की आपल्याकडच्या काही रोग्यांत चरबीपेक्षा इन्सुलिनची उणीव हाच मुख्य दोष असतो. तरुण वयात मधुमेह झालेल्या भारतीयांचा पुण्याच्या गटाने स्वीडनच्या शास्त्रज्ञांबरोबर अभ्यास केला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हेच दिसले. लहानपणी कुपोषण झालेल्या कृश माणसांत होणाऱ्या मधुमेहाला तर आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ साली स्वतंत्र प्रकार म्हणून मान्यता दिली. आपल्या मराठवाड्याने १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. त्या सुमारास आईच्या पोटात किंवा पाळण्यात असलेली पिढी आज पन्नाशीत आहे. या पिढीने तरी तपासणी टाळू नये.

बी-१२ आणि माळकरी घर

पुण्याच्या त्याच खेड्यांत आणखी एक गोष्ट आढळली. सुमारे दोन तृतीयांश गरोदर बायकांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. ज्या आयांमध्ये बी-१२ कमी आणि फॉलिक ॲसिड जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली. हा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला.

यावरून कोणी गरोदर बाईच्या लोहाच्या व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या बंद करू नयेत. त्या बाळाच्या मज्जारज्जूसाठी आणि आईच्या रक्तासाठी आवश्यकच आहेत. बोध एवढाच की जोडीला बी-१२ कडेही पाहावे. हे जीवनसत्त्व कोणत्याही भाजीपाल्यात किंवा धान्यात नसते. ते दूध, दही, ताक, अंडी, मासे व मटण यांतून मिळते. नरसी नामदेवाच्या या परिसरात माळकरी घरे पुष्कळ. माळ घातलेल्याने ती मोडावी असे मी कधीच म्हणणार नाही. पण घरातले सगळे दूध डेअरीला घालून सुनेच्या वाट्याला काळा चहा येत असेल, तर ते बरोबर नाही. गरोदर बाईला रोज दूध, दही मिळालेच पाहिजे. कमतरता जास्त असेल तर डॉक्टर गोळी किंवा इंजेक्शन देतील. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही बी-१२ कमी होऊ शकते. हातपाय बधिर होत असतील तर त्यांनीही ते तपासून घ्यावे.

कोणी, केव्हा तपासावे?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली आले. देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. शहरात १६.४ टक्के आणि खेड्यात ८.९ टक्के. म्हणजे खेड्यात साधारण अकरा प्रौढांमागे एक. हा आजार आता ‘शेठलोकांचा’ राहिलेला नाही.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा साखर तपासावी. सरकारी कार्यक्रमात ही तपासणी आरोग्य उपकेंद्रात व प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य होते. आशाताई घरी येऊन सांगतात तेव्हा ‘मला काय झालंय?’ म्हणून त्यांना परत पाठवू नका. आई-वडिलांना मधुमेह असेल, रात्री वारंवार लघवी होत असेल, जखम लवकर भरत नसेल, जांघेत वारंवार खाज किंवा गजकर्ण होत असेल, वजन विनाकारण उतरत असेल, तर वयाची वाट पाहू नका.

आकडे लक्षात ठेवा. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, अथवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए-वन-सी ही तपासणी ६.५ टक्के किंवा जास्त असेल तर मधुमेह समजावा. त्रास काही नसेल तर एकाच तपासणीवर शिक्का मारू नये, पुन्हा करून खात्री करावी. ज्यांच्या अंगात रक्त फार कमी आहे, त्यांच्यात एचबीए-वन-सीचा आकडा फसवू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

एक तपासणी घरीच करता येते. शिंप्याची टेप घ्या. खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोटाचा घेर मोजा. पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या वर किंवा बाईचा ८० सेंटिमीटरच्या वर असेल, तर वजन कितीही असो, सावध व्हा.

मोठ्या रुग्णालयात कशासाठी जावे?

साधा मधुमेह गावातला डॉक्टर नीट सांभाळू शकतो. महिन्याच्या गोळ्यांसाठी नांदेड किंवा पुणे गाठण्याची गरज नाही. पण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात औषधशास्त्र, नेत्र, शस्त्रक्रिया, स्त्रीरोग हे विभाग एकाच आवारात असतात. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्याला जवळचे आहे, आणि २०२४ साली आपल्या हिंगोलीतही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुढील वेळी तिथे जावे:

१. मधुमेह कळल्यावर लगेच आणि नंतर वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची तपासणी. दिसते आहे म्हणजे पडदा चांगला आहे, असे नव्हे.

२. वर्षातून एकदा लघवीतील प्रथिने व रक्तातील क्रिएटिनिन. मूत्रपिंडाचा बिघाड सुरुवातीला यातच कळतो.

३. पायाला जखम, काळपटपणा, सूज किंवा पू. इथे आठवडा घालवू नये; त्याच दिवशी दाखवावे.

४. गरोदर बाईची साखर वाढलेली असेल तर.

५. लहान मुलाला मधुमेह झाला, किंवा सडपातळ माणसाची साखर गोळ्यांनी उतरेना, तर. त्याला इन्सुलिनच लागण्याचा संभव असतो.

जाताना जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटे आणि घरातले एक शहाणे माणूस बरोबर न्यावे. ‘पांढरी गोळी सकाळी, पिवळी संध्याकाळी’ एवढ्यावर कोणत्याही डॉक्टरला उपचार ठरवता येत नाहीत.

तिथे कधीकधी विचारतात, “आमच्या संशोधनात भाग घ्याल का?” लोक घाबरतात, आपल्यावर प्रयोग करणार असे वाटते. खरे म्हणजे आज आपण घेतो त्या प्रत्येक गोळीमागे कोणीतरी अशी संमती दिलेली असते. इंग्लंडात ऑक्सफर्डच्या पुढाकाराने १९७७ साली सुरू झालेल्या अभ्यासात पाच हजारांहून अधिक रोगी वर्षानुवर्षे राहिले. म्हणून १९९८ साली कळले की साखर काटेकोर ठेवली तर डोळे, मूत्रपिंड यांसारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका सुमारे पाव हिश्श्याने घटतो. आपल्या चेन्नईत झालेल्या अभ्यासाने २००६ साली दाखवले की उंबरठ्यावरच्या माणसांनी चालणे व आहार सांभाळला तर मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी कमी होतो, तेही गोळीशिवाय.

मात्र संमती देण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. अभ्यास कशाचा आहे? त्रास काय होऊ शकतो? खर्च कोण करणार? मध्येच सोडता येईल का? माहितीचा कागद मराठीत मागून घ्यावा, घरी नेऊन वाचावा. नाही म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि नाही म्हटले म्हणून नेहमीचे उपचार कोणी थांबवू शकत नाही.

रोजच्या चार गोष्टी

ज्वारीची भाकरी चांगली. पण ‘ज्वारीने साखर वाढत नाही’ म्हणून चार भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढणारच. एक-दोन भाकऱ्या, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, भरपूर पालेभाजी व ताक असे ताट ठेवा. एकादशीला साबुदाणा, भगर आणि रताळी खाऊन साखर उतरत नाही, उलट चढते. गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने निर्जळी उपवास तर करूच नये. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी असे झाले तर साखर कमी झाली समजून तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी; बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नये, त्याला सरळ दवाखान्यात आणावे.

शेतातले काम हा व्यायाम आहे, पण तो हंगामी असतो. पेरणी-काढणीत राबायचे आणि बाकीचे दिवस पारावर बसायचे, याने भागत नाही. रोज अर्धा तास झपझप चालावे.

आणि पाय! रोज रात्री पाय धुवून, कोरडे करून, आरशात तळवा पाहावा. डोळे अधू असतील तर नातवाकडून पाहून घ्यावा. रानात बंद बूट घालावा. घालण्याआधी तो झटकावा. दिंडीत अनवाणी चालण्याचा नवस असेल तर विठोबाची क्षमा मागून चप्पल घालावी. हळद हे आपल्या जिल्ह्याचे सोने आहे, पण मधुमेह्याच्या पायाच्या जखमेत ती भरू नये. तशीच राख, चुना, बिडीचा जाळही नको. स्वच्छ पाणी, स्वच्छ कापड आणि डॉक्टर, एवढेच.

शेवटी पुन्हा तो शेतकरी

बोट गेलेला तो शेतकरी आता दर महिन्याला येतो. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेतो, शाळेत जाणारा मुलगा टोचून देतो. साखर ताब्यात आहे, रानातले कामही चालू आहे. गेल्या पावसाळ्यात तो आपल्या लेकीला घेऊन आला. पहिलटकरीण, तिसरा महिना.

“मामा, हिची साखर आजच तपासू,” मी म्हणालो.

तो म्हणाला, “साहेब, पोरगी तर काडीसारखी हाय.” मग स्वतःच हसला आणि म्हणाला, “मी बी काडीच होतो म्हणा.”

गरोदरपणाची ही तपासणी सोपी आहे. पोट उपाशी असो वा भरलेले, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचे आणि दोन तासांनी रक्त तपासायचे. १४० किंवा जास्त आले तर गरोदरपणातला मधुमेह. पहिल्या भेटीत एकदा, आणि तेव्हा बरी आली तर २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करायची. चेन्नईचे डॉ. शेषय्या यांच्या कामातून पुढे आलेली ही पद्धत आज सरकारी दवाखान्यांतही आहे. तिची पहिली तपासणी बरी आली. सहाव्या महिन्यात आकडा १५२ आला. आहार व चालण्यावर साखर आटोक्यात राहिली, औषध लागले नाही. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. बाळंतपणानंतर दीड महिन्याने तिची साखर पुन्हा तपासली, ती बरी निघाली. आता ती दर वर्षी तपासायची आहे, कारण अशा बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका जास्त असतो.

बापाच्या वेळी मी एक साधी तपासणी केली नाही, त्याची किंमत त्याने मोजली. लेकीच्या वेळी ती केली. पुण्याच्या खेड्यांतल्या त्या बायका आणि त्यांची मुले वर्षानुवर्षे रक्त देत राहिली, ते आपल्याला एवढे कळावे म्हणूनच.

तेव्हा वाचकहो, हा लेख वाचून झाल्यावर घरातल्या सर्वांत हडकुळ्या माणसाकडे एकदा पाहा आणि त्याला विचारा, “साखर कधी तपासली होती?”